मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे



मी विषय कळवला तेव्हा व्याख्यानमालेच्या संयोजकांनी दोनदा फोन करून खात्री करून घेतली. त्यांचंही बरोबर आहे. वारूळवाडी-नारायणगावच्या या भागात व्याख्यान म्हटलं की शिवनेरी, नाणेघाट, विठाबाई नारायणगावकर किंवा उसात दडलेला बिबट्या. या चारही विषयांवर बोलणारे माझ्यापेक्षा चांगले लोक तुमच्याच गावात आहेत. माझी नोकरी पंचायत विस्तार अधिकाऱ्याची. म्हणजे दुसऱ्याच्या कपाटातली दप्तरं काढून तपासायची. त्यामुळे मला बोलता येईल असा एकच विषय आहे. ग्रामपंचायतीची महिन्याची सभा कशी चालते आणि कशी चालायला हवी, एवढाच. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते ग्रामसभेत नेहमी पहिल्या रांगेत बसत आणि मागच्या सभेचं काय झालं हे आधी विचारत, असं मला इथंच कळलं. तेव्हा विषय अगदीच अस्थानी नाही.

सुरुवात जरा लांबून करतो. नाशिकच्या पांडवलेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा एक लेख आहे. त्यानं भिक्षुसंघासाठी तीन हजार कार्षापण ठेव म्हणून दिले. दोन हजार विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजानं, उरलेले हजार दुसऱ्या श्रेणीकडे पाऊण टक्क्यानं. मुद्दल मोडायचं नाही, फक्त व्याज खर्च करायचं. इथवर कुठल्याही पतसंस्थेच्या चेअरमनला कळेल असा व्यवहार आहे. मला आवडतं ते त्याच्या पुढचं. हे सगळं निगमसभेत ऐकवलं गेलं आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवलं गेलं, असं तो लेखात मुद्दाम सांगतो. दान मोठं, दाता राजाचा जावई, तरी सभेपुढे वाचन आणि दप्तरी नोंद त्याला चुकली नाही. आपल्या जुन्नरच्या लेण्यांतही धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याची पोढी दिल्याचा लेख आहे. बुरूड आणि कासार यांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या रकमांचेही लेख आहेत. म्हणजे चारचौघांनी मिळून पैसा सांभाळायचा, चारचौघांत वाचायचा आणि पुसता येणार नाही असा लिहायचा, ही सवय या डोंगरांना एकोणीसशे वर्षांची आहे. इंग्रजांनी आपल्याला सभा शिकवली असं जे म्हणतात त्यांनी एकदा लेण्याद्रीच्या पायऱ्या चढाव्यात.

इंग्रजांनी शिकवला तो फॉर्म. 1869 च्या कायद्यानं शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आण्याचा लोकल फंड आला. लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव 1882 चा, त्यानंतर 1884 चा लोकल बोर्डांचा कायदा आणि मग 1923 चा. जिल्हा लोकल बोर्ड हा शब्द माझ्या आजोबांच्या पिढीच्या तोंडी होता, शाळा ‘बोर्डाची’ आणि रस्ताही ‘बोर्डाचा’. पुढे महाराष्ट्र झाला, वसंतराव नाईक समितीनं मार्च 1961 मध्ये अहवाल दिला, त्याच वर्षी कायदा झाला आणि 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. त्याआधीच्या, केंद्राच्या बळवंतराय मेहता समितीचा भर तालुक्यावर होता. नाईक समितीनं जिल्ह्याला बळ दिलं, म्हणूनच आपल्याकडे जिल्हा परिषदेचा अध्यक्ष लाल दिव्याच्या गाडीतून फिरू लागला. ग्रामपंचायतीचा कायदा त्याआधीचा, 1958 चा. आज आपण ज्याच्याबद्दल बोलणार तो हाच.

आता सभेत येऊ.

महिन्यातून एक सभा. सदस्यांना तीन पूर्ण दिवस आधी नोटीस, नोटिशीबरोबर विषयपत्रिका. सरपंचानं पुरेसं कारण नसताना नियमाप्रमाणे सभा बोलावल्या नाहीत तर तो पदावर राहायला अपात्र ठरतो. लागोपाठ सहा महिने परवानगीशिवाय गैरहजर राहणाऱ्या सदस्याचं पदही जातं. गंमत म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीची इंग्लंडातली बहीण, म्हणजे पॅरिश कौन्सिल, हीसुद्धा आपल्या सभेची नोटीस तीन पूर्ण दिवस आधीच लावते. त्यांच्या 1972 च्या कायद्यात तसं आहे. तीन दिवस का, तर माणसाला विषय कळावा, चार जणांशी बोलता यावं आणि सभेला येताना त्याच्याजवळ मत असावं म्हणून.

आपली विषयपत्रिका बहुतेकांना पाठ आहे. विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. दोन, मागील महिन्याच्या जमाखर्चास मंजुरी देणे. तीन, आलेल्या पत्रव्यवहाराचे वाचन. मग घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली, नमुना 8 ला, म्हणजे घरांच्या कर आकारणीच्या वहीत, नोंदी लावण्याचे अर्ज, दिवाबत्ती, गटार, एखादा बांधकामाचा दाखला. आणि सगळ्यात शेवटी, मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणाऱ्या विषयांवर चर्चा करणे.

माझ्या सगळ्या नोकरीचा निष्कर्ष असा की ग्रामपंचायतीचा कारभार चांगला की वाईट हे पहिल्या आणि शेवटच्या विषयावरून कळतं. मधले विषय वाचले नाहीत तरी चालतात.

आधी शेवटचा घेतो. ऐनवेळचा विषय हा अडचणीसाठी ठेवलेला दरवाजा आहे. रात्रीत पाण्याची मोटर जळाली, शाळेची भिंत पडली, तर तीन दिवसांची नोटीस कोण बघत बसणार? पण दप्तर उघडलं की दिसतं की मोटर जळाल्याचा विषय रीतसर अजेंड्यावर आहे, आणि गायरानातली जागा कुणाला द्यायची, टॉवरला ना-हरकत द्यायची का, गाळ्याचं भाडं किती, हे सगळं ऐनवेळी उपटलेलं आहे! तीन दिवस आधी सांगितलं असतं तर ज्याच्यावर चार माणसं बोलली असती, नेमकं तेच. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात काउंटीच्या बोर्डाला 1953 पासून एक कायदा लागू आहे, ब्राउन अ‍ॅक्ट. नियमित सभेची विषयपत्रिका 72 तास आधी लोकांना दिसेल अशी लावायची आणि तिच्यात नसलेल्या विषयावर, खऱ्या तातडीचा अपवाद सोडला तर, निर्णय घ्यायचा नाही. तिथल्या अनेक बोर्डांत किरकोळ विषयांची एक मोळी बांधतात आणि एकाच ठरावानं मंजूर करतात. पण कुठल्याही सदस्यानं बोट ठेवलं की तो विषय मोळीतून बाहेर काढून त्याच्यावर वेगळी चर्चा होते. तिथं सगळं आलबेल आहे असं माझं म्हणणं नाही. तीन मिनिटं बोलायला मिळालेला नागरिक तिथंही चिडूनच खाली बसतो. पण ऐनवेळच्या दाराला त्यांनी कडी लावली आहे, आपल्याकडे ते सताड उघडं आहे.

आता विषय क्रमांक एक. इतिवृत्त, म्हणजे तुमच्या-माझ्या बोलण्यातलं प्रोसिडिंग.

प्रोसिडिंग बुक तपासायला घेतलं की मी मजकूर वाचत नसे. आधी पहिलं पान, वहीत किती पानं आहेत त्याचा दाखला आणि त्याखाली सही-शिक्का आहे का ते पाहत असे. मग पानांचे क्रमांक. मग शाई. एप्रिलपासून डिसेंबरपर्यंतच्या नऊ सभा एकाच पेनानं, एकाच दाबानं, एकाच बैठकीत लिहिल्याचं डोळ्याला लगेच कळतं. लिहिणाऱ्याचा हात शेवटी शेवटी दमलेला असतो, अक्षर उताराला लागतं. मग सह्या. काही पानांवर सह्यांची उंची सारखी, आणि मजकूर मात्र त्या सह्यांपाशी पोचावा म्हणून कधी ओळी सैल सोडून लिहिलेला, कधी दोन ओळींच्या जागेत चार कोंबलेला. अशा पानावर सह्या आधी झाल्या आणि ठराव नंतर जन्माला आला, हे सांगायला हस्ताक्षरतज्ज्ञ लागत नाही. दोन ठरावांच्या मध्ये चार बोटं कोरी जागा असेल तर मी तिथं तिरपी रेघ मारून सही करत असे. एका गावात शिपाई मला हळूच म्हणाला, “साहेब, तेवढी जागा राहू द्या, सरपंचांचा एक विषय यायचा आहे.” त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, हे जास्त काळजीचं.

कोऱ्या पानावर सह्या कोण करतं? वाईट माणसं करत नाहीत, कामात बुडालेली करतात. टोमॅटोचा तोडा चालू असतो, मार्केटला गाडी न्यायची असते, शिपाई वही घेऊन बांधावर येतो, माणूस चिखलाचा हात पुसून सही ठोकतो. पुढं दोन वर्षांनी त्या पानावर काय लिहिलंय हे त्याला चौकशीच्या नोटिशीतून कळतं. भाऊसाहेबांच्या, म्हणजे ग्रामसेवकांच्या बाजूनंही एक शब्द बोललं पाहिजे. एकेकाकडे दोन गावं, कधी तीन. घरकुलांचे फोटो काढ, मतदारयादीला बस, वसुली कर, वर तालुक्याला मीटिंगा. सभा संपली की तिथंच बसून इतिवृत्त लिहिणारे ग्रामसेवक मी पाहिले आहेत. ते थोडे आहेत आणि त्यांची गावं ओळखू येतात. परवा सरकारनं त्यांना ग्रामपंचायत अधिकारी असं नवं नाव दिलं. वही तीच आहे.

इतिवृत्तात एक वाक्य फार येतं. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर. शंभरातले किती ठराव खरोखर सर्वांच्या मतानं झालेले असतील? सभेत दोन सदस्य तावातावानं भांडतात, एक उठून जातो, आणि वहीत सगळे एकमतानं बसलेले असतात. 1880 साली पुणे नगरपालिकेत लॉर्ड लिटनच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चायचा प्रश्न आला. बत्तीस सरकारनियुक्त सभासदांपैकी एकट्या जोतीराव फुल्यांनी विरोध केला. ठराव पडला नाही, खर्च व्हायचा तो झाला. पण एकटा माणूस विरोधात होता हे नोंदलं गेलं, म्हणून आज आपल्याला ते ठाऊक आहे. त्यावेळच्या कारकुनानं ‘सर्वानुमते’ लिहून टाकलं असतं तर? माझा विरोध नोंदवा, असं म्हणण्याचा हक्क प्रत्येक सदस्याला आहे. तो वापरणारा सदस्य गावात आगाऊ ठरतो. ठरू द्या.

वारूळवाडीसारख्या गावाला ही गोष्ट अधिक लागू आहे. नारायणगावची पेठ कुठं संपली आणि वारूळवाडी कुठं सुरू झाली हे पुणे-नाशिक रस्त्यावरून जाणाऱ्याला कळत नाही. ग्रामपंचायती मात्र दोन, दप्तरं दोन, घरपट्टीच्या पावत्या दोन. गाव शेताचं होतं तेव्हा नमुना 8 मध्ये कौलारू आणि धाब्याची घरं होती. आता इमारती आहेत, गाळे आहेत, भाड्यानं राहणारी कुटुंबं आहेत. त्यांची मतं कदाचित दुसऱ्या गावात आहेत, पण त्यांचं सांडपाणी इथल्या गटारात आहे आणि गटार शेवटी मीना नदीकडे जातं. अशा गावात कुणाची नोंद लागली, कुणाची अडली, कुणाची पट्टी कशावरून आकारली, हे सगळं त्या कंटाळवाण्या मासिक सभेत ठरतं. निवडणुकीच्या सभेत यातलं काहीच ठरत नाही, तिथं फक्त आवाज ठरतो.

महिलांच्या बाबतीत थोडक्यात सांगतो. आपल्या जिल्ह्यात बारामती तालुक्यातल्या निंबूतला 1963 मध्ये सबंध महिलांची ग्रामपंचायत निवडून आली होती, आरक्षण वगैरे काही नसताना. आज निम्म्या जागा राखीव आहेत, 2011 पासून. तरीही काही सभांना सदस्याबाई स्वयंपाकघरात आणि त्यांचे मालक खुर्चीत, असं चित्र दिसतं. हजेरीत सही बाईंची, चर्चेत आवाज बुवांचा. इतिवृत्त मोठ्यानं वाचायचा आग्रह धरला तर हे पहिल्याच महिन्यात उघडं पडतं, कारण वाचताना “सौ. अमुक यांनी सूचना मांडली” असं आलं की बाई विचारणारच, मी कधी मांडली?

ग्रामसभेबद्दल बोलल्याशिवाय तुम्ही मला सोडणार नाही. वर्षातून निदान चार ग्रामसभा. गणपूर्ती एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली जी संख्या कमी असेल ती. हजारोंच्या गावात शंभर माणसं. लग्नाच्या मांडवडहाळ्याला याहून जास्त जमतात. शंभर जमत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही हे गावातल्या जाणत्यांना चांगलं माहीत असतं. म्हणजे पहिली सभा न भरणं हीच काहींची सोय. याउलट यात्रेचं बघा. चैत्रात नारायणगावात तमाशाच्या राहुट्या पडतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, फड बघतात, घासाघीस करतात, सुपारी ठरवतात, आणि यात्रेनंतर वर्गणीचा हिशोब देवळाच्या भिंतीवर पै-पैसा लागतो. तो हिशोब चुकला तर गाव उभं करून विचारतं. त्याच गावात वित्त आयोगाचे लाखो रुपये येतात आणि त्यातली किती रक्कम पाणी व स्वच्छतेसाठी बांधलेली, किती मोकळी, हे विचारायला देवळातला एकही माणूस ग्रामसभेला शाळेच्या ओट्यावर येत नाही. वर्गणी आपली वाटते, निधी सरकारचा वाटतो. घरपट्टीची पावती खिशात असूनही असं वाटतं, याचं मला नेहमी नवल वाटत आलं.

वरच्या मजल्यावर काय झालं तेही थोडं पाहा. मार्च 2022 मध्ये पुणे जिल्हा परिषदेची मुदत संपली, निवडणूक कोर्टात अडकली आणि प्रशासक आले. प्रशासक म्हणून मुख्य कार्यकारी अधिकारीच. पंचायत समितीत गटविकास अधिकारी. 6 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घ्या म्हणून सांगावं लागलं. मधल्या काळात कामं थांबली नाहीत, काही तर झपाट्यानं झाली, हे मी नाकारत नाही. पण प्रस्ताव मांडणारा, मंजूर करणारा आणि राबवणारा एकच. सर्वसाधारण सभा नव्हती, स्थायी समिती नव्हती, आपल्या गटाचा रस्ता का राहिला म्हणून टेबलावर हात आपटणारा सदस्य नव्हता. झपाट्यानं कामं होणं आणि विचारणारा कुणी नसणं यांचं सख्य जुनं आहे. ज्यांना सभा म्हणजे वेळेचा अपव्यय वाटतो त्यांना ही वर्षं आवडली असतील. मला आवडली नाहीत.

आता नवीन सोयी आल्या आहेत. पंधराव्या वित्त आयोगाची देयकं ई-ग्रामस्वराजवरून सरपंच आणि ग्रामसेवक यांच्या डिजिटल सह्यांनी जातात, आणि कुठलंही गाव निवडून कुणालाही ती मोबाईलवर पाहता येतात. सरपंचांचा डोंगल कुणाच्या खिशात असतो हा पुढचा प्रश्न. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयानं 2025 मध्ये ‘सभासार’ नावाची सोय आणली. ग्रामसभेचं रेकॉर्डिंग दिलं की यंत्र इतिवृत्ताचा मसुदा तयार करून देतं. चांगली गोष्ट आहे, दमलेल्या हातांना आराम मिळेल. पण जी सभा बांधावर सह्या घेऊन झाली तिचं रेकॉर्डिंग कुठून आणणार? आणि यंत्रानं लिहिलेला मसुदाही पुढच्या सभेत कुणीतरी वाचायलाच हवा, कुणीतरी हात वर करून “असं ठरलं नव्हतं” म्हणायलाच हवं. विषय क्रमांक एक त्याचसाठी ठेवला आहे. मागच्या महिन्यात काय ठरलं यावर या महिन्यात सगळ्यांदेखत शिक्का बसतो, आणि तो बसेपर्यंत चूक दुरुस्त करता येते. एवढी सोपी, एवढी स्वस्त तपासणी दुसरी नाही. बहुतेक सभांत ती “वाचलं असं समजा” या तीन शब्दांत उरकतात.

सदस्यांना माझी विनंती आहे की “वाचलं असं समजा” म्हणू देऊ नका. दहा मिनिटं जातील, जाऊ द्या. वही बांधावर आली तर परत पाठवा. आणि जे सदस्य नाहीत, म्हणजे या मंडपातले जवळजवळ सगळे, त्यांना सांगतो. ग्रामपंचायतीचं दप्तर हे सार्वजनिक दप्तर आहे. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात, प्रतीला पानामागे दोन रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही नाहीत, आणि उत्तराची मुदत तीस दिवस. भांडायला अर्ज करू नका, वाचायला करा. गेल्या महिन्याच्या सभेचं इतिवृत्त मागा, नुसतं एका महिन्याचं. ते घरात मोठ्यानं वाचा, न कळलेल्या ठरावावर पेन्सिलीनं खूण करा, आणि पुढच्या ग्रामसभेला तो कागद घेऊन या.